सायकलच्या मागच्या कॅरिअरचा बोल्ट पुन्हा पुन्हा का सुटतो?

नवं छोटं कॅरिअर बसवलं की पहिले काही दिवस छान जातात. मग पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर मागून बारीक टकटक सुरू होते. बोल्टला हात लावावा तर अर्धा फेरा ढिला. आवळायचा, पंधरवड्यात पुन्हा तेच. कोणी म्हणतं स्प्रिंग वायसर घाल, कोणी म्हणतं चांगला जोर लावून पिळ, कोणी फेव्हिक्विकची नळी पुढे करतं. शेवटी तो बोल्ट कुठल्यातरी घाटात गळून पडतो, नाहीतर त्याचं मुंडकं तुटतं आणि उरलेला तुकडा फ्रेममध्ये अडकून बसतो.

माझं म्हणणं एवढंच की नीट आवळलेला बोल्ट परत परत सुटत असेल तर बोल्टच्या मागे लागू नका. कॅरिअरचा पाय फ्रेमवर घसरतोय. तो का घसरतोय ते शोधा. घसरणं चालू ठेवून बोल्टला कितीही जखडलं तरी तो एकतर सुटेल किंवा तुटेल, आणि यातलं तुटणं जास्त महागात पडतं.

यामागचं गणित सोपं आहे. कॅरिअरसाठी फ्रेमवर मागच्या एक्सलजवळ आटे पाडलेली भोकं असतात, ज्यांना आयलेट म्हणतात. ती जवळपास सगळ्या सायकलींवर एम५ मापाची असतात, म्हणजे ५ मिमी जाडीचा बोल्ट आणि ०.८ मिमीचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. हा बोल्ट ४ ते ५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) आवळला की तो किंचित ताणला जातो आणि कॅरिअरचा पाय फ्रेमवर साधारण ४०० ते ५०० किलोच्या जोराने दाबून धरतो. ओझं पेलतं ते या दाबातून तयार होणारं घर्षण. ते अगदी कमी धरलं तरी एका सांध्याला ६०-७० किलोचं निघतं. आता कॅरिअरवर १० किलो सामान आहे आणि खड्ड्यात त्याचा धक्का तिप्पट बसतो असं धरा, तरी एका पायावर १५ किलोच येतात. म्हणजे दाब शाबूत असेल तर पाय घसरायचं कारणच नाही. तो घसरतोय याचा अर्थ दाब कुठेतरी गळाला आहे.

आणि एकदा पाय घसरायला लागला, अगदी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जरी, की बोल्ट स्वतःहून उलटा फिरू लागतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिलं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा त्याला आडवी होणारी सरक कितीतरी घातक असते, कारण प्रत्येक सरकेत आट्यांमधलं घर्षण क्षणभर नाहीसं होतं. घाटातल्या वळणांआधीच्या रम्बलर पट्ट्या नेमकं हेच करतात. मोठा खड्डा एकदा दणका देऊन सोडून देतो, रम्बलर मात्र मिनिटभरात शेकडो बारीक धक्के देतात.

आधी कुठे हलतंय ते बघा

पाना हातात घेण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या. कोणालातरी सीट धरून सायकल उभी ठेवायला सांगा. एका हाताने कॅरिअरचं मागचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट सांध्यावर असं ठेवा की अर्धं फ्रेमवर, अर्धं कॅरिअरच्या पायावर. डोळ्यांना न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते. खालचे दोन सांधे, वरचे दोन, आणि पाय लांब-आखूड करता येणारे असतील तर तिथले जोडही असेच बघा.

दुसरी युक्ती नेलपॉलिशची. बोल्टच्या मुंडक्यावरून कॅरिअरच्या पायावर जाणारी एक रेघ प्रत्येक सांध्यावर ओढा आणि आठवडाभर सायकल चालवा. रेघ तुटली तर बोल्ट फिरतोय. रेघ सलग आहे तरी कॅरिअर डुलतंय, तर बोल्ट निर्दोष आहे आणि पट्टी वाकतेय किंवा क्लॅम्प सरकतोय. सांधा उघडल्यावर अ‍ॅल्युमिनियमवर काळपट राख किंवा स्टीलवर तांबूस भुकटी दिसली तर तिथे घासणं बरेच दिवस चालू आहे. अशा सांध्याचा जुना बोल्ट परत वापरू नका.

वरच्या पट्ट्या

लोक खालचे बोल्ट आवळत बसतात, पण माझ्या पाहण्यात दोष बहुतेक वेळा वर असतो. खालचे दोन पाय वजन पेलतात. कॅरिअरला बाजूला डुलू न देण्याचं काम सीटखालून एक्सलकडे उतरणाऱ्या नळ्यांना जोडलेल्या दोन पट्ट्यांचं. त्या कमजोर असल्या की पेडल मारताना कॅरिअर शेपटासारखं हलतं, आणि ती प्रत्येक डूल खालच्या बोल्टला आडवी सरकवते. दुखणं वर आणि कळ खाली, असा प्रकार.

सगळ्यात वाईट व्यवस्था म्हणजे मधोमध एकच चपटी पट्टी मागच्या ब्रेकच्या भोकात अडकवलेली. उभी ताकद तिला पुरते, आडवी जवळपास नसते. दोन पट्ट्या असूनही डुलत असेल तर त्या कशा बसवल्यात ते बघा. कॅरिअर फार मागे बसवलं म्हणून पट्टी खाचेच्या अगदी टोकापर्यंत ओढली असेल, किंवा भोकाला भोक जुळवण्यासाठी तिला दोनदा वाकवून झेडसारखा आकार दिला असेल, तर ती स्प्रिंगसारखीच वागणार. शक्य तितकी आखूड आणि सरळ पट्टी, आणि कॅरिअरच्या खाचेत प्रत्येक पट्टीला एकाऐवजी दोन बोल्ट. एकाच बोल्टवर पट्टी त्याच्याभोवती फिरू शकते, दोनावर नाही. चपट्या पट्टीऐवजी भरीव गोल दांडी मिळाली तर आणखी चांगलं.

फ्रेमला वरची भोकंच नसतील तर लोक नळीला रबर लावलेला पी-क्लॅम्प, म्हणजे इंग्रजी पी अक्षरासारखी पकड, घालतात. गोल नळीला तो ठीक चालतो, पण आजकालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर त्या नळ्या बऱ्याचदा अंडाकृती किंवा चपट्या असतात. तिथे क्लॅम्प दोनच ठिकाणी टेकतो आणि हळूहळू खाली सरकतो. जुन्या ट्यूबचा तुकडा आत घालून थोडे दिवस निभावतं. कायमचा उपाय म्हणजे सीटच्या नळीची कडी बदलून दोन बाजूंना आटे असलेली कडी घेणं. ही कडी घेताना सीटच्या दांडीचं माप नको, ज्या नळीत दांडी जाते तिचा बाहेरचा व्यास लागतो. तो साधारणपणे २८.६, ३१.८ किंवा ३४.९ मिमी असतो. व्हर्निअर नसेल तर जुन्या कडीवर आकडा कोरलेला आहे का बघा. कार्बनच्या नळीवर मात्र कुठलाही क्लॅम्प आवळू नका. कार्बन बाजूने दाबला की आतल्या आत चिरतो आणि वरून काही दिसत नाही.

बसवण्याचा क्रमही महत्त्वाचा. सगळे बोल्ट आधी फक्त हाताने फिरतील इतके लावायचे. मग कॅरिअर जमिनीला समांतर करायचं (फोनमधली पाणसळ पुरते), मग खालचे आवळायचे, शेवटी वरचे. शेवटच्या बोल्टला भोक जुळेना म्हणून कॅरिअर गुडघ्याने रेटून बोल्ट घुसवला, तर तो ताण कायम सांध्यात राहतो. तिथे थांबा, पट्टी काढून पुन्हा वाकवा.

डिस्क ब्रेक आणि स्पेसरची चळत

डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकतीला दाबून धरणारा भाग, डाव्या बाजूला नळीच्या वर बसवलेला असेल तर साध्या कॅरिअरचा पाय त्याला अडतो. मग कॅरिअर आणि फ्रेमच्या मध्ये पाच-सहा वायसर किंवा प्लास्टिकची नळकांडी घालून पाय बाहेर काढला जातो. दुकानातही असंच बसवून देतात. बसतं, पण बोल्टचं काम बदलतं. आधी तो फक्त दाबून धरत होता, आता खुंटीसारखा ओझं तोलतो.

फ्रेमपासून पाय १५ मिमी बाहेर गेला आणि वर सांगितलेले १५ किलो त्यावर आले, तर दाब गळालेल्या एम५ बोल्टवर फ्रेमलगत ३०० मेगापास्कलच्या (धातूवरच्या ताणाचं माप) आसपास वाकण्याचा ताण येतो. ए२-७० जातीचा स्टेनलेस बोल्ट ४५० पर्यंत कायमचा वाकत नाही. म्हणजे एकदा, दहादा सोसेल. पण हाच ताण हजारो वेळा आला-गेला की आट्याच्या खाचेतून तडा सुरू होतो, आणि म्हणूनच असे बोल्ट नेहमी फ्रेमच्या पृष्ठभागालगत तुटतात. तुटलेलं तोंड बघा: एका बाजूला गुळगुळीत, काळसर चंद्रकोर आणि उरलेला भाग चकचकीत खरखरीत दिसला, तर तो एका दणक्यात तुटलेला नाही, बरेच दिवस चिरत आला होता.

यावर खरा उपाय डिस्क ब्रेकसाठी बनवलेलं कॅरिअर. त्याचा पाय मुळातच बाहेरून वळवलेला असतो आणि टोक फ्रेमला चिकटतं. ते जमत नसेल तर वायसरांची चळत काढून टाका आणि लेथवाल्याकडून एकच भरीव नळकांडं करून घ्या: बाहेरचा व्यास १२ ते १५ मिमी, आतलं भोक ५.२ मिमीच्या आसपास, दोन्ही तोंडं काटकोनात कापलेली. रुंद तोंडामुळे पाय टेकतो, डगमगत नाही. एकावर एक ठेवलेल्या सहा वायसरांत सात फटी असतात, आणि प्रत्येक फट थोडी थोडी बसत जाते. प्लास्टिक तर दाबाखाली कायमचं चेपतं, त्यावर ४०० किलोचा दाब टिकणारच नाही. आणि कॅलिपर मागच्या त्रिकोणाच्या आत, खालच्या नळीवर असेल तर हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा कोणी सांगितलं म्हणून उगाच स्पेसर घालू नका.

दाब गळण्याची आणखी एक जागा म्हणजे रंग. कॅरिअरवरचा पावडर कोट जाड असतो आणि बोल्टच्या दाबाखाली चेपतो. बोल्टच्या मुंडक्याखालचा आणि फ्रेमला टेकणाऱ्या बाजूचा कोट कानशीने घासून काढा. फ्रेमचा रंग मात्र राहू द्या, नाहीतर स्टीलच्या फ्रेमवर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरेल. एवढं करूनही नवा सांधा थोडा बसतोच, म्हणून पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर एकदा आवळावं लागतं. ते पहिलं आवळणं दोष नाही. तिसरं, चौथं आवळणं दोष आहे.

मडगार्डची काडी आणि कॅरिअर एकाच भोकात बसवायचं असेल तर फ्रेमला चिकटून कॅरिअर, त्याच्या बाहेर काडी. उलटं केलं तर काडीच्या जाडीइतकं ओझं बाहेर सरकतं, आणि काडीचं वळवलेलं गोल टोक सपाट टेकतही नाही.

बोल्ट, वायसर आणि निळं लॉकटाइट

आता बोल्टकडे. कॅरिअरच्या पाकिटात येणारे बोल्ट बऱ्याचदा मऊ असतात आणि अ‍ॅलन की दोन-तीनदा लावली की मुंडक्यातलं षटकोनी भोक गोल होतं. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एसएस ३०४ चे एम५ अ‍ॅलन बोल्ट सुटे मिळतात. १२, १६, २० मिमी लांबीचे थोडे थोडे घेऊन ठेवा. लांबी अशी हवी की बोल्टचं टोक फ्रेमच्या आतल्या बाजूने जेमतेम बाहेर यावं. उजव्या बाजूला तर हे फारच जपायचं. तिथे बोल्ट दोन-तीन मिमी जास्त आत गेला तर सगळ्यात छोट्या चकतीवरची चेन त्याला घासते, कधी अडकतेसुद्धा. बोल्ट लावल्यावर चेन छोट्या चकतीवर आणून मागचं चाक हाताने फिरवून बघा.

किती आवळायचं? टॉर्क पाना नसेल तर ४ मिमीच्या साध्या अ‍ॅलन कीचा आखूड भाग बोल्टमध्ये घालून लांब दांडीच्या टोकावर साधारण सहा-सात किलोचा जोर द्या. तो पाच न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. त्यापुढे पाइप घालून पिळणं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या आयलेटचे आटे उपसून काढणं.

स्प्रिंग वायसरवर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. पण पूर्ण आवळल्यावर तो चपटा होतो आणि त्यानंतर साध्या वायसरपेक्षा वेगळं काही करत नाही. नासाच्या १९९० च्या फास्टनर डिझाइन मॅन्युअलमध्येही हाच निष्कर्ष आहे, आणि युंकरच्या पद्धतीच्या चाचणीत तो टिकत नाही. वापरायचंच असेल तर दोन गोष्टी वापरा. डाव्या बाजूला जागा असेल तर फ्रेममधून आरपार आलेल्या बोल्टला आतून नायलॉक नट लावा, ज्याच्या आत नायलॉनची कडी असते. त्यामुळे फ्रेमचे आटे दगा देणार असतील तरी बोल्ट पडत नाही. उजवीकडे, जिथे चेनमुळे नटाला जागा नसते, तिथे निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव: २४२ किंवा २४३.

लॉकटाइट लावताना लोक घाई करतात. ते हवेत सुकत नाही. हवा नसली आणि धातूचा स्पर्श असला तरच घट्ट होतं, आणि पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमवर तर आणखी सावकाश. आटे आधी पेट्रोलने किंवा स्पिरिटने पुसून कोरडे करा, एक थेंब लावा, आवळा आणि रात्रभर सायकलला हात लावू नका. लाल लॉकटाइट इथे नको. ते सोडवायला सांधा अडीचशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो, आणि तोवर फ्रेमचा रंग गेलेला असतो. फेव्हिक्विक कडक पण ठिसूळ, धक्क्यांनी ते भुगा होतं. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर कोरडा स्टीलचा बोल्ट कधीच लावू नये. खारी हवा आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की वर्षा-दोन वर्षांत बोल्ट तिथेच चिकटतो. तिथे लॉकटाइट नाहीतर ग्रीस, दोन्हीपैकी एक हवंच.

एक्सलच्या नटाखाली अडकवलेलं कॅरिअर

साध्या, बिनगिअरच्या सायकलींवर वेगळी गंमत असते. कॅरिअरचा पाय मागच्या एक्सलवरच घालून चाकाच्या नटाखाली दाबलेला असतो. इथे कॅरिअर ढिलं झालं तर चाकही ढिलं होतं, आणि पेडलवर जोर आला की चाक पुढे सरकून चेन लोंबते. कारण बहुधा पायाचं मऊ पत्र्याचं टोक. नट थेट पत्र्यावर फिरतो, पत्रा चेपतो, दाब जातो. क्रम असा ठेवा: फ्रेम, त्यावर कॅरिअरचा पाय, मग मडगार्डची काडी, मग जाड सपाट वायसर, मग नट. नटाबाहेर एक्सलचे आटे दिसायला हवेत. आत बुडालेला नट म्हणजे जाडी जास्त झाली, एक्सल पुरत नाही. पंक्चरवाल्याने चाक काढून परत बसवलं की वायसर बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो, तेव्हा ते बघूनच निघा.

सीटच्या दांडीला पकडणारं

भोकं नसलेल्या फ्रेमवाल्यांना हे सोपं वाटतं, आणि ऑफिसला जाताना डबा-रेनकोट एवढ्यासाठी ते चालतंही. पण त्यावर सहसा ७ ते १० किलोचीच मर्यादा छापलेली असते, आणि ती खरी माना. तक्रार एकच: हळूहळू एका बाजूला वळतं. दांडीवरचं ग्रीस पुसून काढा, दांडीच्या मापाचंच रबर वापरा (२७.२ ची दांडी असताना ३१.६ साठीचं रबर काढून टाकलेलं आहे ना, तेही बघा), आणि जड वस्तू दांडीच्या जवळ ठेवा. टोकाला ठेवलेले तीन किलो आणि दांडीलगत ठेवलेले तीन किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण इथे सगळं एकाच पकडीवर लोंबतं. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा यावर घालूच नयेत, त्या थेट चाकात जातात. कार्बनच्या दांडीला आणि वर-खाली होणाऱ्या ड्रॉपर दांडीला हे कॅरिअर लावायचं नाही.

नवं घेताना काय बघायचं

छोटं म्हणजे कमजोर असं नाही. आखूड फळीचं, न हलणाऱ्या पायांचं कॅरिअर मोठ्या, सगळ्या मापांना बसणाऱ्या कॅरिअरपेक्षा जास्त टिकतं. २६ पासून २९ इंचापर्यंत कुठल्याही चाकाला बसतं असं लिहिलेल्या कॅरिअरचे पाय दुर्बिणीसारखे सरकणारे असतात, आणि तो प्रत्येक सरकणारा जोड म्हणजे ढिलं होण्याची आणखी एक जागा. चाकाचं माप माहीत असताना ती सोय विकत घ्यायची गरज नाही. वजनाची मर्यादा कॅरिअरवर कोरलेली किंवा छापलेली असते: १०, २५, २७ किलो असे आकडे दिसतात. ती मर्यादा कॅरिअरची असते, तुमच्या फ्रेमच्या आयलेटची नाही.

बॅग बाजूला लटकवायची असेल तर आखूड फळीवर टाच अडते. मागच्या एक्सलपासून पेडलच्या आसापर्यंत फ्रेम ४३ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल आणि बूट मोठे असतील तर आधी बॅग धरून बघा. शिवाय छोट्या कॅरिअरला बॅगेचं खालचं टोक अडकवायला बऱ्याचदा जागा नसते. मग बॅग आत झुलते आणि तारांना लागते. हूकचं मापही बघा. कॅरिअरची दांडी १० मिमीची आणि हूक १६ मिमीसाठी असेल तर आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या घालाव्या लागतात. त्या हरवल्या की जी खडखड होते तिला लोक ढिला बोल्ट समजतात आणि पाना शोधत बसतात.

अ‍ॅल्युमिनियम की स्टील? रोजच्या शहरी वापराला अ‍ॅल्युमिनियम हलकं, गंजत नाही, झालं. पण पुण्याहून गोव्याला किंवा कोकणच्या किनाऱ्याने जायचं असेल तर मी स्टील घेईन. स्टीलची सळई चिरली तर तालुक्याच्या गावात ग्रिल-दरवाजे करणारा वेल्डरही जोडून देतो. फक्त पातळ नळीचं कॅरिअर असेल तर आर्क वेल्डिंगने भोक पडतं, त्याला आधी सांगा. अ‍ॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं, ते कुठेही मिळत नाही, आणि केलं तरी जोडाच्या आजूबाजूचा धातू आधीपेक्षा मऊ राहतो.

रस्त्यात बोल्ट पडला किंवा तुटला तर

पडला असेल तर फार शोधू नका. पाण्याच्या बाटलीचा पिंजरा फ्रेमला ज्या बोल्टांनी लावलेला असतो, तेही एम५ आणि त्याच पिचचे असतात. त्यातला एक काढा, कॅरिअरला लावा, बाटली बॅगेत टाका. लांबीला थोडा आखूड पडेल, पण सामानातलं जड तेवढं पाठीवर घेतलं तर घरापर्यंत येतं. दोन झिप टाय जोडीला बांधले तर पाय तरी चाकात जाणार नाही.

तुटून तुकडा आत राहिला असेल तर ड्रिल हातात घेण्याआधी फ्रेमच्या आतल्या बाजूला बघा. आयलेट आरपार असतं, त्यामुळे मागचं चाक काढलं की तुकड्याचं टोक बहुधा आतून बाहेर डोकावताना दिसतं. त्यावर गंज सोडवणारं तेल टाकून अर्धा तास थांबा, मग टोक लॉकिंग प्लायरने पकडा आणि आतून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. तुकडा पुढच्या पुढे आत सरकत निघून येतो. पकडायला जागा नसेल तर करवतीच्या पात्याने टोकावर खाच पाडून स्क्रूड्रायव्हर लावा. तेही जमलं नाही तरच मधोमध पंच मारून बारीक ड्रिल.

काढताना आटे खराब झाले तर आधी एम५ चा टॅप (आटे पाडायचं अवजार) फिरवून बघा, अर्ध्याहून जास्त आटे शिल्लक असतील तर आतून नायलॉक नट लावून काम भागतं. सगळेच गेले असतील तर आयलेटला पुरेसं मांस आहे ना ते बघून ५ मिमीचं ड्रिल मारून एम६ चे आटे पाडून घ्या. भोकाभोवती सगळीकडे किमान दोन मिमी धातू उरला पाहिजे, नाहीतर आयलेट फाटेल. त्यानंतर कॅरिअरच्या पायाचं आणि मडगार्डच्या काडीचं भोकही साडेसहा मिमीपर्यंत वाढवावं लागेल, आणि अ‍ॅलन कीही ४ ऐवजी ५ ची लागेल.